परबकाकांचं दहिवर

आमच्या इमारतीत कोणाची फोडणी जराशी करपली, की पहिली बेल परबकाकांची वाजे. ते राहायचे तळमजल्यावर आणि फोडणी असायची चौथ्या मजल्यावरची, पण त्यांच्या नाकाला मजले ठाऊक नव्हते. दार उघडलं की काका एक अक्षर न बोलता थेट स्वयंपाकघरात शिरत, शेगडी बघत, सिलिंडरचा कान पिळत आणि बाहेर पडताना एवढंच सांगत, "मोहरी जळली. बाकी सगळा बरा आसा." चौथ्या मजल्यावरच्या शाहभाभी तर सांगायच्या, की त्या एकदा अंघोळ करून बाहेर आल्या तेव्हा काका त्यांची डाळ ढवळत होते. डाळ खाली लागत होती हे खरं, पण भाभींनी त्या दिवसापासून दाराला साखळी बसवून घेतली.

मी त्या इमारतीची सेक्रेटरी होते. ज्या सभेत सेक्रेटरी निवडायची होती त्या सभेला मी एकटीच वेळेवर पोचले, ही माझी चूक. पुढची नऊ वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेली. त्यातल्या निम्म्या परबकाकांविरुद्ध असायच्या आणि उरलेल्या निम्म्या परबकाकांनी केलेल्या. गेल्या पावसाळ्यात कुडाळजवळच्या त्यांच्या गावी काका वारले. तेव्हापासून तक्रारी बऱ्याच कमी झाल्या आहेत आणि मला अजिबात करमत नाही.

आमची इमारत मुलुंडला, पश्चिमेला, पार डोंगराच्या पायथ्याशी आहे. आमच्या मागच्या भिंतीपासून नॅशनल पार्कच्या भिंतीपर्यंत चढाचा एक तुकडा सोसायटीच्याच मालकीचा आहे. तिथे बिल्डरला काहीच बांधता आलं नाही, म्हणून त्याने तो मोठ्या मनाने आम्हाला देऊन टाकला. त्या चढावर काकांनी तीसेक झाडं वाढवली होती. करंज, जांभूळ, आवळे, दोन काजू, आणि गावाहून बी आणून लावलेलं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, एक झाड. त्या झाडाला आजवर एकही रातांबा लागला नव्हता. झाड नर निघालं होतं. काढून दुसरं लावा, असं कोणी म्हटलं की काका त्याला विचारायचे, की तुमच्या घरातल्या नरांचं तुम्ही काय करता. एकही नळ चढापर्यंत जात नव्हता, त्यामुळे ही सगळी झाडं काकांनी खांद्यावरून पाणी नेऊन जगवली होती. त्यांना मुलगी होती, ती कुडाळला. बाकी त्यांचा जीव त्या तीस झाडांत होता, आणि झाडांना भीती एकच होती. दर उन्हाळ्यात डोंगरावर वणवा पेटायचा आणि तो खाली उतरायला बघायचा.

आगीशी काकांचं नातं जुनं होतं. वडील गिरणीत होते, आणि काका भांडुपच्या बाजूला एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात. कारखाना बंद पडला तेव्हा कोणी पंखा नेला, कोणी टेबल नेलं. काकांनी आगीच्या बारा लाल बादल्या आणल्या. त्या बादल्यांचं बूड गोल असतं. कोणी त्या पळवून घरी अंघोळीला वापरू नयेत म्हणून मुद्दामच तसं करतात. त्या जमिनीवर ठेवताच येत नाहीत, टांगाव्या लागतात. काकांनी आमच्या जिन्याच्या भिंतीत बारा हूक ठोकले, कोणालाही न विचारता, रविवारी दुपारी दोन वाजता. सहा बादल्यांत वाळू आणि सहांत पाणी. काही दिवसांतच वाळूच्या बादल्यांना लोकांनी आपापले उपयोग शोधले. कोणी अगरबत्ती खोचली, कोणी पान थुंकलं, आणि शाहभाभींनी चौथ्या मजल्यावरच्या बादलीत पुदिना लावला. पुदिना इतका छान आला की काकांनाही तो उपटवेना. चटणीसाठी मूठभर न्यायला मात्र ते विसरत नसत.

त्यांचं आणि मराठी भाषेचं एक भांडण होतं. 'आग लागली' हा शब्दप्रयोग त्यांना मान्य नव्हता. "आग काय सर्दी आसा, आपसूक होवक?" असं ते विचारायचे. त्यांच्या मते आग कधीच लागत नाही, ती कोणीतरी लावतो. विडी टाकून, कचरा पेटवून, मध काढायला धूर करून, नाहीतर नुसती गंमत म्हणून. माझ्याकडचं वर्तमानपत्र माझ्याआधी ते वाचत. उन्हाळ्यात मला ते मिळे तेव्हा 'डोंगराला आग लागली' या मथळ्यातला 'लागली' खोडून त्यावर निळ्या पेनाने 'लावली' लिहिलेलं असे. एकदा तर 'कांद्याच्या भावाला आग लागली' यातही त्यांनी दुरुस्ती केली होती. ती मात्र मला पटली.

आमच्या होळीचं त्यांनी काय केलं ते सांगितलंच पाहिजे. शिमगा म्हणजे कोकणी माणसाचा जीव की प्राण, त्यामुळे होळी नकोच असं काका कधी म्हणाले नाहीत. उलट खड्डा तेच खणत, लाकडं तेच रचत, आणि पूजेच्या वेळी सहा पाण्याच्या बादल्या घेऊन सहा माणसं भोवती उभी करत. एका वर्षी होळी पेटली, नारळ पडला, बायका पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन पुढे सरसावल्या, आणि नेमकी वाऱ्याने दिशा बदलली. एक ठिणगी मागच्या भिंतीवरून चढाकडे जाताना काकांनी पाहिली. पुढच्या अर्ध्या मिनिटात सहाच्या सहा बादल्या होळीवर रिकाम्या झाल्या. चिखल, धूर आणि भिजलेल्या पुरणपोळ्या यांच्या मधोमध उभं राहून काकांनी एक बोंब मारली, ती विधी म्हणून की समाधानाने, ते कळलं नाही. माझ्याकडे त्या आठवड्यात अकरा तक्रारी आल्या. मी काकांना विचारायला गेले तर ते शांतपणे म्हणाले की होळी जळायला हवी हे बरोबर, पण होळीच, डोंगर नव्हे.

आणि तरीही हा माणूस दर वर्षी जानेवारीत स्वतःच्या हाताने आग लावायचा. गिरणीतून सुटून गावी परतल्यावर त्यांचे वडील काजूच्या बागेभोवती पौषात गवताचा एक पट्टा जाळून टाकत. पुढे उन्हाळ्यात वणवा आला की त्या काळ्या पट्ट्यापाशी त्याला खायला काही मिळत नसे आणि तो तिथेच मरे. वनखात्याची माणसंही हेच करतात, त्याला जाळरेषा म्हणतात. काका आमच्या चढाच्या कडेने, झाडांच्या बाहेरून, सहा हात रुंदीची जाळरेषा काढायचे. संध्याकाळी वारा पडला की पेटवायची, करंजाच्या ओल्या डहाळ्यांनी दोन्ही बाजूंनी बडवत न्यायची, आणि शेवटी जे काही धुमसत राहील ते दहिवरावर सोडून घरी यायचं.

दहिवर म्हणजे दव. पण काका दव म्हणत नसत. दव हे कवितेतलं, दहिवर हे कामाचं. "दहिवर पडला की आग गप निजता," हे त्यांच्या वडिलांचं वाक्य, आणि ते म्हणताना काकांचा आवाजही वडिलांसारखा होत असावा. या दहिवरावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा अग्निशमन दलावर नव्हता. ते मोजण्याची त्यांची पद्धतही त्यांचीच. संध्याकाळी गच्चीवरच्या दोरीवर एक पांढरा सुती रुमाल टांगायचा. सकाळी उठून तो चहाच्या बशीत पिळायचा. बशीचा तळ झाकला तर जाळरेषा काढायला हरकत नाही. नुसते चार थेंब पडले तर थांबायचं. मग ती बशी घेऊन ते माझ्या दारात येत आणि कोणी नातवाचा फोटो दाखवावा तशी दाखवत. मी ऑफिसच्या घाईत असे. मी म्हणे, "वा काका, छान आहे." दवाबद्दल याहून जास्त काय बोलायचं असतं मला कळत नसे.

सुरुवातीच्या वर्षांत बशीत खरंच पाणी असायचं. मग ते कमी होत गेलं. थंडी चार दिवस येऊन जायची, जानेवारीतच पंखे लागायचे, आणि रुमाल कोरडाच राहायचा. काकांनी आधी रुमालाला दोष दिला आणि नवा आणला. मग दोरीला दोष दिला. मग शाहभाभींच्या एसीला, कारण त्याची गरम हवा गच्चीकडे जाते असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी त्यांनी गावाला भावाला फोन लावला. लोक गावाला फोन करून पाऊस कसा आहे विचारतात. काकांनी दहिवर कसं आहे विचारलं. भावाने सांगितलं की इथेही पडत नाही नीट, काजूचा मोहर करपून चाललाय. काकांनी फोन ठेवला आणि शाहभाभींच्या एसीवरचा आरोप मागे घेतला, ही मला त्या दिवशी मोठीच बातमी वाटली.

मग ते वर्ष आलं. जुलैत पाऊस असा कोसळला की चढावरचं गवत माझ्या खांद्यापर्यंत गेलं. सप्टेंबरच्या मध्यावर तो थांबला तो थांबलाच, परतीचा म्हणून जो येतो तो आलाच नाही. दिवाळीला गवत पिवळं पडलं होतं, डोंगरावरचा ओहळ आटला होता, आणि पाणीकपातीची नोटीस मी डिसेंबरातच फळ्यावर लावली. एवढं उंच आणि एवढं वाळलेलं गवत काकांनी मुलुंडमध्ये कधी पाहिलं नव्हतं. जाळरेषा काढल्याशिवाय झाडं वाचणार नाहीत हे त्यांना दिसत होतं, आणि दहिवर पडल्याशिवाय ती काढता येणार नाही हेही. अख्खा जानेवारी ते रोज सकाळी कोरडा रुमाल घेऊन खाली आले. जेवण कमी झालं, फोडण्यांकडेही लक्ष राहिलं नाही. भाभींचे मसाले सलग दोनदा जळले आणि बेल वाजली नाही, तेव्हा त्या स्वतःच खाली येऊन काकांची तब्येत विचारून गेल्या.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सात वाजता माझी बेल वाजली. दारात काका, हातात बशी, आणि बशी काठोकाठ. तळ झाकण्याचं सोडाच, दोन घोट पाणी होतं. डोळ्यांतही होतं थोडं. म्हणाले, "बाई, ह्या बघा. इला. उशिरा इला, पण इला." मग त्यांनी बशी कपाळाला लावली आणि ते पाणी तीर्थासारखं पिऊन टाकलं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती लपवून पुढचं काही सांगता येणार नाही. त्याच सकाळी, काकांच्या आधी दहा मिनिटं, शाहभाभींचा मला मेसेज आला होता. गच्चीवरची टाकी पहाटे पुन्हा भरून वाहिली आणि त्यांनी वाळत घातलेल्या सांडग्या मिरच्या भिजल्या. टाकीच्या फ्लोटची तक्रार माझ्याकडे तीन आठवडे पडून होती. रुमालाची दोरी टाकीच्या अगदी खालून जाते. हे सगळं मला त्या दारात उभी असताना दिसलं. मी ते बोलले नाही. महिनाभर सुकलेला तो चेहरा इतका उजळला होता की माझ्याच्याने त्यावर पाणी ओतवेना. शिवाय फ्लोटचं प्रकरण पुन्हा निघालं असतं. मी म्हटलं, "वा काका, छान आहे."

संध्याकाळी वारा पडला आणि काकांनी जाळरेषा पेटवली. आम्ही नेहमीचे पाच-सहा जण डहाळ्या घेऊन होतो. काम नेहमीसारखं झालं. अंधार पडायच्या आत काळा पट्टा तयार झाला, फक्त झाडांच्या बाजूच्या कडेला सावरीचा एक जुना खुंट धुमसत राहिला. मी विचारलं, यावर बादलीभर पाणी ओतू का. काका म्हणाले की पाणीकपात आहे, पाणी झाडांना लागेल, आणि रात्री दहिवर आहेच. तेव्हाही मी बोलू शकले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जमिनीकडून कोरडा वारा सुटला. मी डबा भरत होते. करपल्याचा वास आला आणि मी सवयीने बेलची वाट पाहिली. बेल वाजली नाही. खिडकीतून पाहिलं तर काका चढावर होते, बनियन आणि लुंगीत, हातात एकच डहाळी, आणि त्यांच्या पुढे गवत कडाकडा पेटत वर चाललं होतं.

त्यानंतर जे झालं त्याची आठवण काढून आम्ही आजही हसतो, आणि हसताना एकमेकांकडे बघत नाही. ज्यांनी ज्यांनी बादल्यांविरुद्ध तक्रार केली होती ते सगळे बादल्या घेऊन धावले. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर अर्ध्या गालावर दाढीचा फेस घेऊन आले. त्यांनी दम खायला बादली खाली ठेवली, गोल बुडाची ती बादली कलंडली आणि सगळं पाणी त्यांच्याच पायांवर सांडून उताराने गडगडत गेली. तसं करणारे ते एकटे नव्हते. भाभी त्यांची वाळूची बादली घेऊन आल्या आणि त्यांनी ती पुदिन्यासकट आगीवर भिरकावली. बंब आला, पण त्याचा पाइप मागच्या भिंतीपर्यंतच पुरला, पुढे चढ. शेवटी आम्ही ओल्या चादरींनी बडवत राहिलो. आग पार्कच्या भिंतीपाशी गेली आणि तिथे थांबली, कारण पलीकडे वनखात्याने आपली जाळरेषा आधीच काढून ठेवली होती. कोणाला काही झालं नाही. जंगलाचं एक पान जळलं नाही. जळली ती काकांची झाडं. तिसांतली पाच उरली. रातांबा गेला.

तासाभराने वनरक्षक ताई पंचनामा करायला आल्या. खाकी गणवेश, साताऱ्याकडची बोली, हातात वही. त्यांनी विचारलं, आग कशी लागली. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. कोणी विडी म्हणालं, कोणी काच म्हणालं, कोणी ऊन. डॉक्टर म्हणाले, आपोआपच लागली. आम्ही कशाला जमलो होतो ते मला पक्कं माहीत आहे. काकांना वाचवायला. जन्मभर ज्या शब्दाशी ते भांडले त्याच शब्दाच्या आड आम्ही त्यांना लपवत होतो.

काका जळक्या गवतावर बसले होते, ते उठले.

"लागूक नाय," ते म्हणाले. "लावलंय. मिया लावलंय."

ताईंनी वहीतून मान वर केली. काकांनी त्यांना सगळं सांगितलं, वेळ, वारा, खुंट, रुमाल, बशी. काही गाळलं नाही. ताईंनी ते लिहून घेतलं आणि मग वही मिटली.

"काका, दवाचा भरवसा आम्हीपण सोडलाय," त्या म्हणाल्या. "आधी फेब्रुवारीपर्यंत रेषा काढायचो. आता डिसेंबरातच आटपतो, आणि रेषा पार थंड होईस्तवर माणूस हलवत नाही. लावणारी माणसं पूर्वीपण होतीच की. पण तवा निम्म्या आगी आपल्या आपण विझायच्या. आता गवतात ओलच ऱ्हात नाही, एकपण विझत नाही."

जागा सोसायटीची आणि जंगल शाबूत, म्हणून वरून लेखी ताकीद आली. तेवढ्यावर भागलं. लोक म्हणाले, काका सुटले. मला मात्र झोप लागेना. चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले आणि टाकीचं सांगून टाकलं. फ्लोट, मेसेज, दोरी, आणि मला सगळं कळत होतं तेही. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही, आणि ते योग्यच होईल.

"म्हणजे मी टाकीचा पाणी तीर्थ म्हणान पिलंय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"तरीच," काका म्हणाले. "क्लोरिनचो वास येय होतो. माका वाटला, मुंबैचा दहिवर आता असाच येता."

मी हसले आणि मग रडले. काकांनी मला चहा करून दिला. चूक तुमची नाही असं ते म्हणाले नाहीत, आणि मी ते म्हणवूनही घेतलं नाही. फ्लोट मी त्याच दुपारी बदलून घेतला.

पुढच्या नोव्हेंबरात काकांनी विळा काढला. गवत पुन्हा उंच झालं होतं आणि पाच झाडं वाचवायची होती. वनरक्षक ताई स्वतः येऊन म्हणाल्या की आमची माणसं पाठवते, दोन तासांत जाळून देतो, तुम्ही फक्त उभे राहा. काकांनी नको म्हटलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "इतकी वर्सां मी तुमका सगळ्यांका भियवलंय. स्वतः भियाचा मात्र रवान गेला." मग पंचाहत्तरीचा तो माणूस उकिडवा बसून सहा हात रुंदीचा पट्टा हाताने साफ करत राहिला, रोज सकाळी दहा पावलं. कोणी विळा घेऊन मदतीला गेलं तर त्याला आधी विळा कसा धरायचा यावर अर्धा तास ऐकावं लागे, त्यामुळे मदतीला फार कोणी गेलं नाही. मी गेले. माझं काम त्यांनी दोनदा पुन्हा केलं. डिसेंबर संपता संपता पट्टा अंगणासारखा स्वच्छ झाला.

मार्चमध्ये वणवा आलाच. वरच्या अंगाने, भर दुपारी, पार्कची भिंत जिथे पडकी आहे तिथून तो आमच्या चढात उतरला. आम्ही सगळे या वेळी बादल्या हातातच धरून उभे होतो, खाली कोणी ठेवली नाही. आग पट्ट्यापर्यंत आली. तिथे तिला काही मिळालं नाही. ती कडेकडेने थोडी इकडे गेली, थोडी तिकडे गेली, आणि बसली. पाचही झाडं पट्ट्याच्या अलीकडे हिरवीगार उभी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरांनी काकांना मिठी मारली, भाभींनी पेढे मागवले.

संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले तरी काका खाली आले नाहीत. मी वर गेले. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची राखेच्या कडेला मांडली होती आणि अंगावर चादर घेऊन ते तीत बसले होते. शेजारी पाण्याची एक बादली बाभळीच्या फांदीला टांगलेली. मी म्हटलं, काका, विझली आता, घरी चला, जेवून घ्या. त्यांनी पुढच्या काळ्या उताराकडे हात केला. एक-दोन खुंटांतून बारीक धूर येत होता, दिसेल न दिसेल असा.

"दहिवर येणा नाय," ते म्हणाले. "मगे कोणीतरी बसाक नको?"

मी त्यांचं ताट वर नेऊन दिलं. पुढच्या महिन्यात मुलगी येऊन त्यांना गावी घेऊन गेली. त्या धावपळीत सामान, टेम्पो, निरोप असं बरंच काही झालं असणार, पण ते मला आठवत नाही. मला आठवते ती त्या वणव्यानंतरची सकाळ. मी सहाला उठून खिडकी उघडली. खुर्ची होती तिथेच होती आणि काकाही होते तिथेच होते, जागे. ते उठले, एकेका खुंटाजवळ जाऊन वाकले आणि राखेत तळहात टेकवून बघत गेले. शेवटच्या खुंटावर त्यांनी हात बराच वेळ ठेवला. मग चादर झाडून खांद्यावर टाकली, खुर्ची उचलली आणि ते चहाला खाली आले.